कॅनव्हासचा तंबू पावसाळ्यात कसा जपायचा? दोनच वर्षांत काळे डाग पडले आणि गळायलाही लागला

द्राक्षमळा_गिरणारे
१२ मे, रात्री ९:४०

नमस्कार. आमचा मळा गिरणाऱ्याच्या पुढे, गंगापूर धरणाच्या फुगवट्याकडे उतरणाऱ्या रस्त्याला आहे. द्राक्षं, उन्हाळ कांदा, थोडा टोमॅटो. दोन वर्षांपूर्वी बांधाकडेच्या पडीक तुकड्यावर आम्ही कॅनव्हासचे दोन तंबू उभे केले. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची कुटुंबं येतात, मुलं धरणाचं पाणी बघतात, सासूबाईंच्या हातची बाजरीची भाकरी आणि शेवभाजी खातात. तंबू १२ बाय १४ फुटांचे, सुती कापडाचे. दोन्हींना मिळून जेवढे पैसे गेले तेवढ्यात शेताशेजारी एक पक्की खोली झाली असती. पण लोकांना खोली नको असते, तंबू हवा असतो.

पहिलं वर्ष छान गेलं. अवकाळीची एक जोरदार सर आली तेव्हाही आत थेंब नव्हता. गेल्या वर्षी मात्र दोन्ही तंबूंचं मातेरं झालं.

एक तंबू जूनमध्ये उतरवला. दुपारी सर येऊन गेली होती, संध्याकाळी पुन्हा आभाळ भरलं, म्हणून घाईघाईने घडी घातली, प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांत भरला आणि विहिरीच्या पंपाच्या खोलीतल्या माळ्यावर टाकला. दिवाळीच्या आधी काढला तेव्हा कुबट वासाने खोलीत उभं राहवेना. घडीच्या रेघेरेघेने काळे ठिपके. मुलाने खालची घडी उलगडली आणि त्याचं बोट कापडातून आरपार गेलं. फाटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

दुसरा तंबू पावसाळाभर उभाच ठेवला. त्याला पाऊस लागू नये म्हणून वरून निळा प्लास्टिकचा कागद घट्ट ताणून बांधला होता. तो काढला तर उत्तरेकडची अख्खी बाजू हिरवट-काळी झालेली. हिवाळ्यात अवकाळी आला तेव्हा हाच तंबू आतून गळत होता, शिवणीतून आणि जिथे कुणाचा हात लागेल तिथून. पाहुण्यांची लहान मुलगी रात्री उठून रडायला लागली, तिची गादी भिजली होती. त्या माणसांनी काही तक्रार केली नाही, पण मला फार लागलं ते.

विकणाऱ्याने 'एकदा घेतला की बघायला नको' असं सांगितलं होतं. आता तो फोन घेत नाही.

मला विचारायचंय ते असं. हे तंबू वाचतील का? वरून काय लावायचं, मेण की बाजारात मिळतं ते रसायन? पावसाळ्यात उतरवून ठेवावा की उभा ठेवावा? आणि आमच्याकडे मार्चमध्ये गारा पडतात, एप्रिल-मेमध्ये ऊन चाळीशीला जातं, त्याचं काय? मृग लागायला महिनासुद्धा उरला नाही. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा.

घाटवाटा_इगतपुरी
१२ मे, रात्री ११:०५

मी डोंगरात नेतो तो नायलॉनचा छोटा तंबू, त्यामुळे कॅनव्हासचं मला सगळं कळत नाही. पण लहानपणी आमच्या आजोबांकडे जुना कॅनव्हासचा तंबू होता. इगतपुरीचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, चार-चार दिवस थांबत नाही. आजोबा मेणबत्त्यांचं मेण वितळवून त्यात टर्पेंटाइन मिसळायचे आणि ब्रशने तंबूला फासायचे. पाणी अजिबात आत यायचं नाही. तुम्ही तेच करून बघा.

आणखी एक आठवतं. संध्याकाळी ढग आले की आजोबा तंबूभोवती फिरून प्रत्येक दोरी थोडी ढिली करायचे. सुती दोरी भिजली की आखडते, खुंटी उपटून टाकते किंवा कापड फाडते. नायलॉनच्या दोरीचं उलटं, ती भिजली की सैल पडते, तिला पावसात उठून ताण द्यावा लागतो. तुमच्या तंबूला कुठली दोरी आहे ते आधी बघा.

दाभण_दोरा
१३ मे, सकाळी ६:५०

ताई, मी पंचवटीत तंबू आणि कनाती शिवतो. एकोणचाळीस वर्षं झाली, वडीलही हेच करायचे. २००३ आणि २०१५, दोन्ही सिंहस्थांना तपोवनातल्या साधुग्रामचं पुष्कळ कापड माझ्या मशीनखालून गेलंय. प्रयागचा मेळा माघात भरतो, आपला श्रावण-भाद्रपदात. म्हणून नाशिकच्या तंबूवाल्याला पाऊस शिकावाच लागतो.

तुमचं वाचून मला सगळ्यात आधी एक विचारायचंय. पहिल्या वर्षी थेंब नव्हता आणि नंतर गळायला लागला, तर मधे तुम्ही तंबू धुतला होता का? आणि कशाने? उत्तर नक्की द्या, त्यावर बरंच अवलंबून आहे. तोवर बाकीचं सांगतो.

सुती कॅनव्हास पाणी अडवतो ते मुख्यतः सुताच्या जोरावर. सूत भिजलं की फुगतं आणि विणीतली भोकं बुजतात. म्हणून कोरा तंबू पहिल्या पावसात थोडा ठिबकतोच. गिऱ्हाइकाला तंबू देताना आम्ही सांगतो, उभा करा, पाइपने चिंब भिजवा, खडखडीत वाळू द्या, आणि असं तीन वेळा करा. कापड आकसायचं तेवढं आकसून घेतं आणि शिवणीतली सुईची भोकं दोरा फुगून भरतात. यासाठीच तंबूचा दोरा नुसत्या पॉलिस्टरचा नसावा. आत पॉलिस्टर आणि वरून सुताचं वेष्टन असलेला दोरा हवा. आतला दोरा जोर धरतो, वरचं सूत भोक बुजवतं.

भिजलेल्या कापडाला आतून हात लावला की तिथून पाणी सुटतं, हे प्रत्येक सुती तंबूचं आहे. त्यात तुमच्या कापडाचा दोष नाही. कॉट, कपाट, पिशव्या भिंतीपासून वीतभर आत ठेवा. आणि चुकून बोट लागून ठिबकायला लागलंच, तर तेच बोट कापडावरून खाली ओढत जमिनीपर्यंत न्या. पाणी त्या रेघेने भिंतीवरून उतरून जातं, गादीवर पडत नाही. त्या छोट्या मुलीच्या आईवडिलांना हे कुणी सांगितलं असतं तर तिची रात्र चांगली गेली असती.

आता बुरशीचं. तुम्ही कांदावाले आहात, कांदा साठवायच्या चाळीच्या भाषेत सांगतो. पात नीट न सुकवता, मान ओली असताना कांदा चाळीत भरला तर काय होतं ते मी तुम्हाला काय सांगणार. वरून चांगला दिसतो, आतून ढिगाला ऊब धरते, आणि महिन्याभरात पाणी सुटून खालून गळायला लागतो. ओला तंबू घडी घालून प्लास्टिकमध्ये बांधला की तेच होतं. कापूस हे बुरशीचं खाणंच आहे. त्यात कापडाला खळ असेल तर आणखी लवकर. ओल, ऊब आणि कोंडलेली हवा एकत्र आली की दोन-तीन दिवसांत सुरुवात होते आणि तुम्ही तर तो चार महिने तसाच ठेवलात. उभ्या तंबूवर निळा कागद घट्ट बांधलात तिथेही हेच झालं. आतली वाफ कापडातून बाहेर पडते, कागदाला लागून तिचं पाणी होतं, ते परत कापडात मुरतं. पावसापासून वाचवायला गेलात आणि रात्रंदिवस ओलं फडकं गुंडाळल्यासारखं झालं. उत्तरेची बाजू गेली कारण तिला ऊन मिळत नाही.

वरून आच्छादन घालायचं तर कापडाला चिकटून घालायचं नाही. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपच्या कमानी रोवा, आच्छादन तंबूच्या माथ्यापासून हातभर वर राहू द्या, दोन्ही टोकं उघडी ठेवा. वारा मधून खेळला पाहिजे.

वाचेल की नाही हे बघायची रीत. डाग पडलेल्या जागी कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरा, चिमट्यांमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवा आणि झटका देऊन ओढा. आधी हळू, मग जोराने. चांगलं कापड फट्‌ असा कोरडा आवाज करतं आणि टिकतं. गेलेलं कापड कागदासारखं सुटतं. दर हातभर अंतरावर ही ओढ घेऊन बघा आणि खडूने खुणा करा. काळा डाग आहे पण कापड टिकतंय, तर घाबरू नका. डाग कदाचित पूर्ण जाणारही नाही, पण तंबू पुष्कळ वर्षं काम देईल.

डागांचं असं करा. तंबू कडक उन्हात उभा करा आणि आधी कोरडाच मऊ ब्रशने झाडा. बुरशीची भुकटी उडते, नाकाला रुमाल बांधा. मग एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी, स्पंजने लावा, तासभर ठेवा, साध्या पाण्याने धुवा, वाळवा. ब्लीच लावू नका. डाग पांढरा होईल पण सुताचा जीव जाईल.

इगतपुरीच्या दादांनी दोरीचं सांगितलं ते सोळा आणे खरं आहे. मेणाचं मात्र मी पूर्ण तंबूसाठी सांगणार नाही. मेण लावलेलं कापड श्वास घेत नाही, वजन वाढतं, आपल्या मे महिन्याच्या उन्हात चिकट होतं आणि रस्त्याची सगळी धूळ धरून ठेवतं. शिवाय मेणाचं कापड पेटलं तर भराभर पेटतं, आणि तुमच्याकडे पाहुण्यांसाठी शेकोटी होत असणार. फक्त शिवणींसाठी मेण चांगलं. मधमाशीच्या मेणाचा गोळा बाहेरून शिवणीवर रगडायचा, दुपारच्या उन्हात तो आपोआप मुरतो. पूर्ण कापडाला पाण्यात मिसळणारं सिलिकॉनचं द्रावण लावा. कापड स्वच्छ आणि कोरडं असलं तरच ते धरतं, म्हणून आधी बुरशी काढायची, मग हे. एका कोपऱ्यावर लावून बघा, रंग बदलत नाही ना ते पाहून पुढे जा.

उन्हाचं विचारलंत. मुलांना आणि पाहुण्यांना पावसाची भीती असते, मला उन्हाची वाटते, कारण पाऊस चार महिने आणि ऊन उरलेले आठ महिने. ऊन माथ्याचं कापड हळूहळू ठिसूळ करतं. दिसत काही नाही, एक दिवस वाऱ्यात टरकन फाटतं. तुमच्याकडे रोपांसाठी पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट असेलच. त्याच पाइपच्या कमानींवर ती ताणा. ऊन निम्मं होतं, पक्ष्यांची घाण अडते, आणि लहान गारांचा मार जाळीवर पडतो. मोठ्या गारांपुढे कुणाचं काही चालत नाही, ते द्राक्षवाल्यांना सांगायला नको. चिंचेखाली किंवा जांभळाखाली सावलीसाठी तंबू लावू नका, फळांचे डाग आणि ठिबकणारा चीक कापडात मुरतो.

तंबू सडायला लागतो तो नेहमी खालून, जमिनीला टेकतो तिथून. भिंतीच्या खाली फूटभर पीव्हीसीच्या कापडाची झालर लावून घ्या, माती झालरीवर यावी, सुतावर नको. सूत मातीत गेलं की वाळवी ते लाकडासारखंच खाते. मुरमाचा वीतभर उंच ओटा करा आणि भोवती चर खणून उताराकडे काढा. दोरी ओवायच्या रिंगा पितळी हव्यात. लोखंडी रिंगेचा गंज सुताला लागला की तिथलं कापड कमजोर होतं, आणि नेमका तिथेच दोरीचा सगळा जोर असतो. जमीन काळी असेल तर दीड फुटाच्या मेखा पुरणार नाहीत. काळी माती भिजून लोण्यासारखी होते. अडीच फुटी अँगलच्या मेखा करून घ्या आणि दोरीच्या उलट्या बाजूला तिरक्या ठोका.

आणि माथ्याला कधी झोळ पडू देऊ नका. झोळात बादलीभर पाणी साठलं की कापड ताणतं, ताणलं की आणखी पाणी साठतं. पुढे खांबच वाकतो.

द्राक्षमळा_गिरणारे
१३ मे, दुपारी २:१५

काका, तुमचं उत्तर मी सासूबाईंना आणि यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हो, धुतला होता. दोन्ही धुतले होते, पहिल्या दिवाळीच्या आधी. रस्त्याची लाल धूळ बसली होती, म्हणून मी आणि दोन बायकांनी कपड्यांची पावडर घातलेल्या गरम पाण्याने, भांडी घासायच्या कडक ब्रशने दिवसभर घासले. तेव्हा तंबू नव्यासारखे दिसत होते. मला तर अभिमान वाटला होता.

ओढून बघायचं ते आत्ताच केलं. उभ्या तंबूचं कापड सगळीकडे टिकतंय. फक्त एका दाराजवळ, जिथे झालर नाही आणि कुत्रं बसतं, तिथे हातभर जागा गेलीय. माळ्यावरच्या तंबूचा माथा आणि एक लांब भिंत पूर्ण गेली. उरलेल्या तीन भिंती मात्र ओढीला टिकल्या, चांगला कोरडा आवाज आला.

दोन प्रश्न. पावडरीने बिघडलेलं दुरुस्त होतं का? आणि द्राक्षांच्या फवारणीचं काय? फवारणीचा ब्लोअर चालला की बोर्डो मिश्रणाचे (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाचे) निळे शिंतोडे आणि कधी गंधक तंबूवर उडतं.

रंगखाता_सातपूर
१३ मे, रात्री १०:३०

मी सातपूरला कापड रंगवायच्या खात्यात होतो, आता निवृत्त. पावडरीचं मी सांगतो, दाभणकाका शिवणीचं सांगतील.

कपड्यांच्या पावडरीचं कामच पाण्याला कापडात शिरायला लावायचं. मळ निघावा म्हणून ती पाण्याची धार मोडते, म्हणजे पाणी थेंब होऊन ओघळायच्या ऐवजी पसरून मुरतं. ती थोडी जरी कापडात राहिली तरी प्रत्येक पावसात तेच काम करत राहते. त्याशिवाय कारखान्यात कापडाला दिलेलं पाणीरोधक द्रव्य गरम पाणी, पावडर आणि कडक ब्रश या तिघांनी मिळून खरवडून नेलं. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात. उभ्या तंबूवर पाइपने साधं पाणी वरून खाली सोडत राहा. खाली निथळलेलं पाणी काचेच्या बाटलीत भरून जोरात हलवा. फेस टिकला तर अजून पावडर आहे, पुन्हा धुवा. आमच्या खात्यात सुद्धा कापड धुऊन निघालं का हे आम्ही असंच बघायचो. तुमचा फेस दोन-तीन धुण्यांत जाईलसं वाटत नाही, पाच-सहा धरून चाला.

सिलिकॉनचं द्रावण महाग वाटत असेल तर जुनी तुरटी-साबणाची रीत आहे. साधारण ४५० ग्रॅम साबण साडेसात लिटर गरम पाण्यात विरघळवा. साबण तेलापासून केलेला बारचा हवा, पावडर किंवा डिटर्जंटची वडी अजिबात नको. कापडाला ते पाणी सगळीकडे लावा, वाळू द्या. मग २२५ ग्रॅम तुरटी पावणेचार लिटर गरम पाण्यात विरघळवून त्यावर लावा, पुन्हा वाळू द्या. साबण आणि तुरटी एकत्र आले की सुतावर ॲल्युमिनियमचा साबण तयार होतो, तो पाण्यात विरघळत नाही आणि पाण्याला झटकतो. हवा मात्र जाते. दरवर्षी पुन्हा करावं लागतं. तुरटी मापापेक्षा जास्त घालू नका. ती आम्लधर्मी असते, जास्त राहिली तर सूत कमजोर करते.

फवारणीचं. मोरचुदातल्या तांब्याने बुरशी मरते, म्हणूनच तुम्ही ते द्राक्षावर मारता. कॅनव्हासलाही पूर्वीपासून तांब्याचे क्षार बुरशीसाठी देत आले आहेत. त्यामुळे बोर्डोच्या चार शिंतोड्यांनी तंबू जाणार नाही, फक्त निळा डाग राहील. गंधकाची काळजी घ्या. ते कापडात राहिलं तर हवेतल्या ओलीने हळूहळू त्याचं आम्ल होतं आणि आम्ल हे कापसाचं वैरी. गंधकी काळ्या रंगाचं कापड गोदामात पडून पडून कुजलेलं मी स्वतः हाताळलंय. फवारणीच्या दिवशी तंबूची त्या अंगाची बाजू जुन्या चादरीने झाका आणि संध्याकाळी पाण्याने धुऊन टाका. पाहुणे असतील त्या दिवशी ब्लोअर बंद ठेवा, हे तर तुम्ही करतच असाल.

दाभण_दोरा
१४ मे, सकाळी ७:१०

रंगखात्याच्या साहेबांनी बाटलीचं सांगितलं ते मलाही नवीन. आजपासून दुकानात वापरतो.

ताई, तुम्ही नव्यासारखा दिसावा म्हणून धुतलात, त्यात मन लावून काम केलंत. धूळ काढायची तर कोरड्या ब्रशने झाडायची किंवा नुसतं पाणी सोडायचं, एवढं विकणाऱ्याने सांगायला हवं होतं. ते न सांगता तंबू विकणं मला पटत नाही.

माळ्यावरच्या तंबूच्या तीन भिंती टिकल्या हे वाचून फार बरं वाटलं. तो तंबू आता उभा करू नका, त्यातून दुसरा वाचवा. ठिगळाला नवं कापड घेतलं तर ते पहिल्या पावसात आकसतं आणि आजूबाजूचं जुनं कापड ओढून सुरकुत्या पाडतं, शिवण फाटते. तुमच्या या भिंतींचं कापड त्याच ठाणातलं, त्याच वयाचं आणि भरपूर भिजून आकसलेलं आहे. यापेक्षा चांगलं ठिगळ बाजारात मिळणार नाही. आधी व्हिनेगरने बुरशी काढून मगच वापरा, नाहीतर रोग इकडून तिकडे जाईल.

दाराजवळची हातभर जागा अशी करा. कुजलेलं कापड निरोगी सुतापर्यंत कापून टाका, दया दाखवू नका. ठिगळ भोकापेक्षा चारी बाजूंनी तीन बोटं मोठं कापा आणि कोपरे वाटीच्या काठासारखे गोल करा. चौकोनी कोपरा आधी उचकटतो, गोल उचकटत नाही. कडा आत दुमडा. ठिगळ बाहेरून लावा, म्हणजे पाणी वरून ओघळून जाईल. उभी वीण आणि आडवी वीण तंबूच्या विणीला जुळवून ठेवा, हे फार जण विसरतात आणि मग ठिगळ तिरकं ओढतं. घरी दाभणाने शिवत असाल तर दोऱ्याला आधी मेणाच्या गोळ्यावरून दोनदा ओढून घ्या. बाहेरच्या कडेने एक टीप, मग आतून भोकाची कड दुमडून दुसरी टीप. डिंक किंवा रबराचा गोंद लावू नका, उन्हाने सुटतो आणि त्यावर पुन्हा सुई चालत नाही.

पावसाळ्यात उभा ठेवायचा की उतरवायचा? तुमच्याकडे त्या चार महिन्यांत पाहुणे नसतील तर उतरवा. त्र्यंबक-इगतपुरीकडचा पाऊस नसला तरी गिरणाऱ्याला हवा ओली असते, आणि रिकाम्या तंबूत कुणी वारा खेळवत नाही. उतरवायचा तो मृगाच्या आधी, सलग दोन दिवस ऊन असेल तेव्हा. मधलं कापड हाताला वाळलेलं लागतं, पण शिवणी, दुहेरी दुमड, रिंगेभोवतीची पट्टी आणि झालर शेवटी वाळतात. या चार जागी गाल लावून बघा. हाताला कोरडं लागलं तरी गालाला गार लागलं तर ओल आहे, अजून एक दिवस ठेवा.

आणि प्लास्टिकची पिशवी नको. जुन्या सुती चादरीत बांधा आणि कांदाचाळीत ठेवा. हे मी मनापासून सांगतोय. चाळीला खालून वारा आहे, बाजूने वारा आहे, वर छप्पर आहे. हवा खेळावी म्हणूनच ती बांधलेली. फक्त कांद्याच्या ढिगावर नको, कांदा ओल सोडतो. एक कप्पा रिकामा ठेवा, पावसाची झड येते त्याच्या विरुद्ध बाजूचा, फळी टाकून त्यावर ठेवा. उंदरांसाठी फळीचे पाय पत्र्याच्या डब्यात उभे करा. श्रावणात चांगली उघडीप पडली की काढून एकदा ऊन द्या आणि परत घालताना घडीची रेघ बदला. दरवेळी त्याच रेघेवर घडी पडली की कापड तिथेच तुटतं.

घाटवाटा_इगतपुरी
१४ मे, सकाळी ८:२५

मेणाचं मी मागे घेतो, शेकोटीचा विचारच केला नव्हता. गालाने ओल बघायची युक्ती माझ्या नायलॉनच्या तंबूलाही वापरेन.

द्राक्षमळा_गिरणारे
२ जून, सकाळी ८:००

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

बाटलीतला फेस सातव्या धुण्याला गेला. पाणी वाया जाऊ नये म्हणून चर काढून ते बांधावरच्या शेवग्यांकडे वळवलं. व्हिनेगरने उत्तरेची बाजू हिरवी होती ती राखाडी झाली, आता लांबून सावलीसारखी दिसते. तुरटी आणि साबण दोन्ही सासूबाईंनी स्वतः मोजून दिले. ठिगळ मी आणि यांनी मिळून शिवलं, एक आत बसला आणि एक बाहेर, दाभण इकडून तिकडे देत. कोपरे खरंच वाटी ठेवून कापले. झालर आणि पितळी रिंगा काकांच्या दुकानातून करून आणल्या. काकांनी मजुरी घेतली, सल्ल्याचे पैसे मात्र घेतले नाहीत.

परवा संध्याकाळी वळीव आला. आधी वावटळ, मग तासभर पाऊस. मी आणि सासूबाई बॅटरी घेऊन मुद्दाम तंबूत जाऊन बसलो. माथ्यावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळताना कापडातून दिसत होते. सासूबाईंनी मुद्दाम एका जागी बोट लावलं, ठिबकायला लागलं, आणि त्यांनी बोट ओढत खाली जमिनीपर्यंत नेलं. पाणी त्यांच्या बोटामागून भिंतीवरून उतरत गेलं. तीनदा केलं त्यांनी तसं. ठिगळ कोरडं राहिलं. माथ्याच्या आडव्या शिवणीत एकाच जागी थेंब जमत होता, खांबापासून दीड हात पुढे.

काल आणि आज दोन्ही दिवस ऊन आहे. दुपारी उतरवू. सगळ्या शिवणींना गाल लावून बघणार आहे. चाळीचा पूर्वेकडचा शेवटचा कप्पा रिकामा केलाय, फळी टाकलीय, चार डबे आणलेत. गळणाऱ्या शिवणीत लाल दोरा बांधून ठेवलाय, म्हणजे ऑक्टोबरमध्ये मेण घासायला जागा शोधावी लागणार नाही.